खंडेनवमीचा पाना

खंडेनवमीच्या दुपारी तात्यासो उपाध्ये गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. तेवढ्यात चाँदबी दारात आली आणि उंबऱ्यावरच बसली. तिला धाप लागली होती.

आज गुडघ्यांना विश्रांती नाही, हे तात्यासोंना तिथंच कळलं.

दरबारच्या मोजणी खात्यात तीस वर्षं बांधाचे दगड शोधून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. निवृत्त झाल्यावर लोक त्यांना हरवलेल्या वस्तू आणि हरवलेली माणसं शोधायला बोलावू लागले. दगड असो की माणूस, खरी जागा दाखवली की कुणीतरी रडतंच, असं ते म्हणत. तरीही कुणी बोलावलं की निघत.

“माझ्या घरवाल्याला, लालासाबला, लाकडाच्या खोलीत कोंडलंय,” चाँदबी म्हणाली. “इनामदारांच्यात. मोटारीचा मॅग्नेटो चोरला म्हणत्यात. दिवेलागणीला फौजदार येणार हाय.”

“मॅग्नेटो म्हणजे?”

“ठिणगी पाडायचं यंत्र. त्याच्याबिगर मोटार म्हंजे नुस्तं लोखंड. चौदा वर्षं त्या मोटारीला पोरीवानी सांभाळली त्यानं, तात्या. हत्यारांची पिशवी कमरेची सुटत न्हाई. झोपताना बी उशाला असती. त्यो चोरंल व्हय?”

तात्यासोंनी तेलाची वाटी बाजूला सारली आणि केरबाला हाक मारली. केरबा टांगेवाला. तात्यासोंना जिथं जायचं तिथं नेणं आणि वाटेत आपलं मत सांगणं, ही दोन्ही कामं तो एकाच भाड्यात करी.

“माझी घोडी बघा,” टांगा हाकता हाकता तो म्हणाला. “गवत खाती, पळती. तिचं काय बी चोरीला जात न्हाई.”

सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. सन १९२१ चा पाऊस दसरा आला तरी जायला तयार नव्हता.

हंबीरराव इनामदार वाड्याच्या सोप्यात उभे होते. पन्नाशी उलटलेला, एके काळी देखणा असलेला माणूस. मुंबईहून शर्यतीची फ्रेंच मोटार आणली तेव्हा ते छत्तिशीत होते. दोन माणसांची, बिनछपराची गाडी. तिचा आवाज रंकाळ्यापलीकडं ऐकू जाई म्हणत. आता मालक आणि गाडी दोघंही धापा टाकत चालायचे.

केरबा तात्यासोंना हात देऊन उतरवत होता. हंबीरराव दहा पावलांवरून म्हणाले, “काय रे पिराजी, हात कसा आहे?”

“मी केरबा, सरकार. टांगेवाला.”

“हां, हां. ऊन डोळ्यावर आलं.”

तात्यासोंनी एकदा आभाळाकडं पाहिलं आणि काठी टेकत पुढं झाले.

“काय झालं ते सांगा, सरकार.”

हंबीरराव थकल्या आवाजात बोलू लागले. येत्या परवा सकाळी गगनबावड्याचा घाट उतरायची शर्यत ठरली होती. समोर इचलकरंजीचे सूतव्यापारी तवनाप्पा आणि त्यांची नवी मोटार. पैज चारचौघांत लागलेली. आज दुपारी तवनाप्पा आले आणि म्हणाले, जरा इंजिन ऐकवा तरी. हँडल मारलं, तर हूं नाही की चूं नाही. झाकण उघडलं, तर मॅग्नेटोची जागा रिकामी.

“लालासाबवरच संशय का?”

 उत्तर दिलं ते बाकावर बसलेल्या तवनाप्पांनी.

“चार दिवसांमागं हितंच, माझ्यासमोर म्हणाला की त्यो. ब्रेक गेल्यात, ही गाडी मी घाटात जाऊ द्यायचा न्हाय, म्हणून. मग आज काढला. सरळ हाय की. फौजदाराला मीच निरोप धाडला. उद्या लोकांनी म्हणायला नको, तवनाप्पानं भिऊन चोरला.”

“मॅग्नेटो कसा असतो, तवनाप्पा?”

“मला काय ठाऊक? माझा ड्रायव्हर बघतो ते. केवढा असतोय? नारळाएवढा?”

केरबानं तात्यासोंच्या कानात सांगितलं, “हाच चोर. लईच भोळा बनतोय.”

मोटारीची खोली आज सताड उघडी होती. खंडेनवमी म्हणून गाडीला झेंडूची माळ, पुढं पाट, पाटावर गाडीची सगळी हत्यारं मांडलेली: सहा पाने आणि एक हातोडी. एकदा हत्यारं पूजेला लागली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

ड्रायव्हर पिराजी बाजूला उभा होता. उजव्या मनगटाला बांबूच्या पट्ट्या बांधलेल्या.

“म्हातारीनं लाथ मारली,” तो मोटारीकडं हनुवटी करून म्हणाला. “हँडल उलटं फिरलं. बारा दिस झालं. बोटं बी मिटत न्हाईत अजून. म्हणून तर सरकार सोता घाटात चालवणार हुते.”

तात्यासो गाडीभोवती फिरले. जिथं तिथं दुरुस्तीच्या खुणा होत्या. रेडिएटरला पितळेचं ठिगळ. मागच्या चाकात दोन आरे नवे, बाभळीचे. डाव्या मडगार्डवर ठोकून सरळ केल्याच्या ताज्या खुणा.

“हे कधी झालं?”

“मागल्या शुक्रवारी. फाटकाचा खांब लागला.”

“तू आपटलीस?”

“मी कशाला? हात मोडून बसलेलो की मी.” मग एकदम पिराजी गाडीची माळ नीट करू लागला.

मॅग्नेटोच्या जागी रिकामे बोल्ट होते. पण प्रत्येक नट आपापल्या बोल्टवर परत फिरवून ठेवलेला. सुटलेल्या तारेच्या टोकाला स्वच्छ फडकं गुंडाळलेलं.

“चोर लई टापटिपीचा हाय,” केरबा म्हणाला.

“हो ना. पिराजी, असं कोण करतं?”

“लालासाबचा नेम हाय तो. नट आपल्या बोल्टावर, तार फडक्यात.” हे बोलून गेल्यावर पिराजीनं जीभ चावली.

तात्यासो कण्हत पाटापुढं बसले. सहांपैकी पाच पान्यांवर हळदीचं बोट आणि हळदीवर कुंकवाचा टिपका. पण तिसरा पाना वेगळा. त्यावर हळद नव्हतीच. कुंकू अंगठ्यानं ओढल्यासारखं, तेही तोंडाकडं नाही, शेपटाकडं. थोडं पाटावरच सांडलेलं. बाकीची हत्यारं लख्ख पुसलेली, आणि या एकाच्या तोंडाला काळं तेल.

त्यांनी हात न लावता बराच वेळ त्याकडं पाहिलं. उठताना केरबाचा खांदा धरला आणि पिराजीला ब्रेकचे पट्टे दाखवायला सांगितलं. पट्टे नवेकोरे होते.

लालासाब लाकडाच्या ढिगावर बसला होता. कमरेला चामड्याची पिशवी होती, तीत त्याचे स्वतःचे पाने.

“ब्रेक गेलेत म्हणालास. ब्रेक तर नवे आहेत, लालासाब.”

“असतील.”

“तूच घातलेस?”

“मी न्हाई तर कोण घालणार?”

“मग खोटं का बोललास?”

लालासाब पिशवीचा पट्टा आवळू लागला. चौदा वर्षांपूर्वी तो बैलगाडीची चाकं करायचा. मुंबईहून आलेल्या फिटरकडून महिनाभरात मोटार शिकला आणि जे शिकला ते तरण्या हंबीररावांना शिकवलं. शंभरदा दोघांनी मिळून ती गाडी उघडली, शंभरदा बांधली.

“बरं, एवढं सांग. या ओल्या हवेत मॅग्नेटो काढून ठेवायचा तर कुठं ठेवायचा?”

“तांदळात,” लालासाब लगेच म्हणाला. कामाची गोष्ट निघाली की त्याचं तोंड उघडे. “ओल धरली की ठिणगी मरती. कोरड्या तांदळात पुरला की तांदूळ ओल ओढून घेतो. दर पावसाळ्यात तसंच करतोय आमी.”

“आम्ही म्हणजे?”

लालासाब ढिगातलं एक लाकूड नीट रचू लागला.

इनामदारीणबाईंना सगळे आक्का म्हणत. त्या गोषातल्या, म्हणून स्वयंपाकघराच्या दाराआडून बोलल्या.

“हत्यारांची पूजा मीच केली, सकाळी. आधी हळद, मग कुंकू, करंगळीशेजारच्या बोटानं. हळदीबिगर कुंकू मी कधी लावत न्हाई.”

“नंतर खोलीत कोण होतं?”

“कोण कशाला असंल? समदी जेवणाच्या गडबडीत. आज घरात एक काम धड झालं न्हाई बघा. आत्ता रातच्यासाठी तांदूळ काढाय गेले, तर शाहूवाडीचा नवा तांदूळ तांबडा! कणगीत कुंकू सांडलंय कुणी. अक्षताच झाल्यात नुसत्या. पोरींस्नी इचारलं, तर एक बी कबूल हुईना.”

“त्यांना रागावू नका, आक्का,” तात्यासो म्हणाले. “त्यांनी नाही सांडलं.”

सोप्याकडं परतताना केरबानं विचारलं, “चोर कळला?”

“कळला.”

“मग तोंड असं का?”

“कळला म्हणूनच.”

दिवेलागणीला थोडा अवकाश होता. तात्यासोंनी सगळ्यांना सोप्यात बसवलं. लालासाबला आणलं, चाँदबी खांबाला टेकून उभी राहिली. दाराआड बांगड्या वाजल्या, म्हणजे आक्काही होत्या.

“मॅग्नेटो आज सकाळी पूजा झाल्यावर निघाला,” तात्यासोंनी सुरुवात केली. “पूजेतल्या तिसऱ्या पान्यानं. त्याच्या तोंडाला ताजं तेल आहे. तो पाना उचलताना आक्कांनी लावलेलं हळदकुंकू पुसलं गेलं. आता नुसता चोर असता, तर पाना तसाच टाकून गेला असता. पण या माणसाला पूजेतलं हत्यार बोडकं ठेववेना. त्यानं कुंकू परत लावलं. हळद विसरला.”

“म्हंजे लालासाब न्हाई?” केरबा म्हणाला.

“लालासाबच्या कमरेला स्वतःचे पाने आहेत. तो पूजेतल्या हत्याराला कशाला हात लावेल? चोराकडं स्वतःचं हत्यार नव्हतं.”

तवनाप्पा बाकावर पुढं सरकले. “मग पिराजी.”

“पिराजीची बोटं मिटत नाहीत, पाना कसा आवळेल? आणि तुम्हाला तर मॅग्नेटो नारळाएवढा की केवढा हेही ठाऊक नाही. चोरानं नट आपापल्या बोल्टवर ठेवलेत, तार फडक्यात गुंडाळली. हे लालासाबकडून शिकलेल्या हाताचं काम आहे. आणि काढलेला मॅग्नेटो ओल धरू नये म्हणून त्यानं तांदळात पुरला. हाताला कुंकू होतं, म्हणून तांदूळ लाल झाला. वैरी असता तर पंचगंगेत फेकून मोकळा झाला असता. या माणसाला गाडी बिघडवायची नव्हती. परवाच्या दिवसापुरती थांबवायची होती.”



“आता लालासाबचं खोटं. ब्रेक नवे असताना तो चारचौघांत म्हणाला, ब्रेक गेलेत. आपल्याच कामाची बदनामी केली. का? कारण घाटात धोका गाडीचा नव्हता, चालवणाऱ्याचा होता. कुंकू पान्याच्या भलत्या टोकाला लागलंय, पाटावर सांडलंय. चौदा वर्षांत न लागलेला फाटकाचा खांब मागल्या शुक्रवारी लागला, तेव्हा पिराजीचा हात मोडलेला होता. आणि आज भरल्या आभाळात एका माणसाच्या डोळ्यावर ऊन आलं. नाव मी घेणार नाही. ते ज्याचं त्यानं घ्यावं.”

लालासाब उभा राहिला.

“मी काढला,” तो म्हणाला. “तांदळात हाय. लिहा फौजदाराला काय लिहायचं ते.”

चाँदबीनं तोंडावर पदर घेतला.

सोप्यात शांतता झाली. फार वेळ नाही; माणूस एक घोट पाणी पिईल एवढी. तात्यासो जमिनीकडं पाहत होते. त्या शांततेत ते कुणाकडं पाहू शकले नाहीत.

“बस, लालासाब,” हंबीरराव म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. “मी काढला. मला दिसत नाही, तवनाप्पा. वर्ष झालं. मोतीबिंदू आहे. पैज लागली तेव्हा नाही म्हणता आलं नाही मला. वाटलं, सकाळी काढून ठेवावा, मॅग्नेटो बिघडला म्हणावं, झालं. तुम्ही दुपारीच आलात. झाकण उघडलं, सगळे चोरी चोरी ओरडले, आणि... मी बोललो नाही.”

तवनाप्पा उठले. टोपी सारखी केली. “शर्यत मोडली, इनामदार. पाऊस हाय म्हणून मोडली. फौजदाराला मी वाटंतूनच परत धाडतो.” आणि ते निघून गेले. केरबा म्हणाला, माणूस बरा निघाला.

हंबीरराव चाचपडत दोन पायऱ्या उतरले आणि लालासाबचा हात धरला.

“माझी अब्रू राखायला निघाला होतास तू. चल, मॅग्नेटो काढू. उद्या तू गाडी चालव, मी शेजारी बसतो.”

लालासाबनं हात सोडवला नाही, पण घट्टही धरला नाही.

“डोळं गेल्यालं मला ठावं हुतं, मालक. खांब लागला तवाच कळलं. तुमचं डोळं म्हणून मी ऱ्हायलो असतो. पण आज दुपारी काम डोळ्याचं नव्हतं. तोंडाचं हुतं. मला लाकडाच्या खोलीत नेलं, तुमी बोलला न्हाई. आत्ता मी कबूल केलं, तवा बी तुमी आधी जरा थांबला.”

हंबीररावांनी मान खाली घातली.

“तार डावीकडची आधी लावा. नट लई आवळू नका, बोल्ट म्हातारं झाल्यात.” लालासाबनं कमरेची पिशवी सारखी केली. “उद्या दसरा. सोनं द्यायला येतो मी. कामाला न्हाई.”

केरबानं टांगा पुढं आणला. चाँदबी आणि लालासाब मागं बसले, तात्यासो पुढं. फाटकापाशी आल्यावर लालासाब एकदाच वळला. मोटारीच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटत होतं.

“केरबा, जरा थांब,” तो म्हणाला. उतरून गेला, दार ओढलं, कडी घातली आणि परत येऊन बसला.