ज्यानं लावली, त्यानंच काढायची

ऋतिक, तो मोबाइल उलटा ठेव. आणि प्रिया, तू जरा आत सरक, ओट्यावर वारं सुटलंय. भुताची गोष्ट सांगा म्हणता, पण चिंचेवरची हडळ मला काही सांगता येत नाही. जन्मभर विजेच्या खांबांवर चढलो, त्यामुळे मला ठाऊक असलेलं भूतही विजेचंच. माझ्याबरोबर तीस वर्षं लाइनवर काम केलेल्या वाल्मिकअण्णांच्या घरात हे घडलं, कर्जतला भिसेगावात. अण्णांचा मुलगा मनोज खोपोलीच्या कारखान्यात कामाला आहे. खोटं वाटलं तर त्याला विचारून या.

तर त्या रविवारी मनोज नेरळला गेला, जुना कॉम्प्युटर आणायला. बरेच दिवस त्याच्या डोक्यात होतं, की घरातच असं एक यंत्र जोडायचं, जे घरभर इंटरनेटही वाटेल आणि सगळ्यांचे फोटो, व्हिडिओ, कागदपत्रंही सांभाळेल. राउटर तोच आणि तिजोरीही तीच. कॉम्प्युटरचा जुना डबा, जास्तीचं नेटवर्क कार्ड, दोन नव्या हार्डडिस्क, असा सगळा पसारा स्कूटरवर बांधून स्वारी घरी आली. नम्रता म्हणाली, "आता हे भंगार हॉलमधी?" बायकोचं बरोबरच होतं म्हणा.

पण मनोजची खरी घाई वेगळी होती. अण्णांना जाऊन वर्ष होत आलेलं. त्यांचा आवाज एकाच ठिकाणी उरला होता, मनोजच्या जुन्या लॅपटॉपच्या हार्डडिस्कवर. ती मरायला टेकलेली. चालू केली की आतून कट् कट् करायची, आणि कुठली फाइल कुठं आहे तेही धड दाखवायची नाही. एकदा भाकऱ्या थापता थापता त्याची आई, सोनाबाई, म्हणाली होती, "चेहरा दिसतो रं त्यांचा. पण आवाज... आवाज आठवंना झालाय." शनिवारी वर्षश्राद्ध होतं. त्याच्या आत आईला आवाज ऐकवायचाच, असं मनोजनं ठरवलं.

जुनी डिस्क सगळी नव्यांवर उतरवायला आठ तास लागणार होते, तेही सलग. दिवसा लाईटचा भरवसा नाही, म्हणून सोमवारी संध्याकाळी सातला काम लावलं. नऊ पस्तीसला डबा ठप्प! मनोजनं पॉवर सप्लायला शिव्या दिल्या. मंगळवारी ड्युटीवरून सुटून थेट नेरळला गेला, दुकानदाराशी भांडून दुसरा आणला, बसवला. नऊ पस्तीसला पुन्हा ठप्प. वायरी बदलल्या, रॅम पुसून बसवली, डबा जमिनीवरून स्टुलावर चढवला. माणूस पार मेटाकुटीला आला. आणि तेव्हा कुठं त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. डबा चांगलाच होता. बटण बंद होतं.

बुधवारी त्यानं प्लग स्वयंपाकघरातल्या बोर्डात लावला. नऊ पस्तीसला तिथलंही बटण बंद! मग मात्र त्याचा तोल गेला. स्वयंपाकघरात आई एकटीच होती.

"आई, रोज तूच बंद करतेस ना? चार दिवस मरतोय मी! कुणासाठी मरतोय?"

"मी नाय रं हात लावला."

"मग काय भूत येतंय?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.  सोनाबाई एवढंच म्हणाली, "बातम्या झाल्या की घरातली बटणं कोण बंद करत व्हतं, इसरलास?" आणि न जेवता झोपायला गेली.

आता अण्णांची ती खोड आम्हा सगळ्यांना माहीत. "रात्री लाईन जागी ठेवू नये," म्हणायचे आणि साडेनऊला बातम्या संपल्या की घरभर फिरून एकेक बटण बंद करायचे. पण मनोजनं मनावर घेतलं नाही. राग होता ना डोक्यात.

गुरुवार. बारा डिसेंबर, दोन हजार चोवीस. अमावास्या नव्हती बरं का, बाहेर चांगलं चांदणं होतं. मार्गशीर्षातला गुरुवार म्हणून नम्रतानं हॉलमध्ये लक्ष्मीचा घट मांडलेला, समोर समई. ती लेकीला घेऊन आत झोपली होती. मनोजनं प्लग पुन्हा हॉलच्या बोर्डात लावला आणि खुर्ची टाकून बटणासमोर बसला. हातात टॉर्च.

नऊ तेहतीस. डिस्क कुरकुरत होती.

नऊ चौतीस.

बाहेर कुत्रं भुंकत होतं, ते थांबलं.

टक्.

बटण बंद झालं. त्याच्या डोळ्यांदेखत. बोट नाही, सावली नाही...

मनोजनं चालू केलं. टक्. पुन्हा चालू केलं. टक्.

"कोण हाय?" तो ओरडला. रडूच आलं त्याला.

सोनाबाई उठून दारात आली. तिनं बटणाकडे पाहिलं. मग बोर्डासमोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं... आणि हळूच डोक्यावर पदर घेतला.

"अवो," ती म्हणाली, "पोरगा कामावर हाय. हात लावू नका."

समईची ज्योत हलली नाही.

मनोजनं बटण चालू केलं, काम पुन्हा लावलं. वाट पाहिली. एक मिनिट... दोन... बटण तसंच. डिस्क दोनदा अडखळली आणि चालू लागली.

बसल्या जागीच त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा उजाडलं होतं. सगळं उतरलं होतं. जुनी डिस्क गार पडलेली, ती पुन्हा काही उठली नाही. त्यानं आईला हाक मारली, पाया पडला, आणि व्हिडिओ लावला. नातीच्या पहिल्या वाढदिवसाचा. गोंधळ, फुगे, आणि मागून अण्णांचा आवाज, "सोना, बत्ती मालव गं, पोरगी झोपली." सोनाबाई हसली. मग पदरात तोंड घालून पोटभर रडली.

डोळे पुसून मनोज म्हणाला, "आई, पाटी बरी लावलीस गं. कुठं व्हती ही?"

"मी? मला वाटलं तूच लावलीस."

बटणावर पत्र्याची एक पाटी लटकत होती. लाल अक्षरं: माणूस कामावर आहे. हात लावू नये.

सकाळी सातला मला फोन आला. मी गेलो, पाहिलं, आणि तिथंच खुर्चीत बसलो. वाकलेला कोपरा, खिळ्यानं कोरलेला 'वा'. अण्णांचीच पाटी. लाइनवर चढताना खालच्या स्विचला आम्ही ती बांधायचो, म्हणजे वर माणूस असताना कुणी हात लावणार नाही. रिटायर होताना अण्णांनी ती हत्यारांसोबत जमा केली, तेव्हा मी शेजारी उभा होतो. नंतर ते सगळं सामान भंगारात वितळलं. आणि बांधलेल्या तारेचा पीळ उलटा होता. अण्णा डावखुरे होते.

मनोजनं विचारलं, "काका, काम झालंय. काढू का?"

मी त्याचा हात धरला. आमचा एकच नियम, पोरांनो. ज्यानं लावली, त्यानंच काढायची. साहेब आला तरी दुसऱ्यानं नाही. वर माणूस असताना पाटी काढली, की माणूस गेला.

म्हणून ती पाटी अजून त्या बटणावर आहे. नम्रता कडेकडेनं भिंत पुसते. डबा रात्रंदिवस चालतो, बटण परत कधी पडलं नाही. आणि ज्यानं लावली, तो अजून काढायला आलेला नाही.