पाण्यातली गुलाबी फीत

उन्हाळ्याच्या सुट्टीत काकासाहेबांनी छावणीतल्या एका सभागृहात समुद्री जिवांचं प्रदर्शन भरवलं आणि गुलशन, तिचा भाऊ वहाब आणि शेजारचा बद्री यांनी तिथंच मुक्काम ठोकला. मासे पहिल्याच दिवशी पाहून झाले. तिघांचा जीव जडला तो कोपऱ्यातल्या टाकीतल्या दोन लालभडक समुद्री गोगलगायींवर. पाठीवर शंख नाही, डोक्यावर दोन शिंगं आणि मागं फुलासारखा उमललेला कल्ल्यांचा झुपका! मनात आलं की त्या अंगाची झालर पसरून पाण्यातून अशा लहरत जायच्या, की बघणाऱ्याच्या हातातला बर्फाचा गोळा वितळून जायचा.

गुलशन आणि वहाबची मावशी, सगीरा खाला, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिनं मुलांना सांगितलं होतं, की तो भडक रंग म्हणजे माशांना ताकीद असते. या गोगलगायी विषारी स्पंज खातात आणि ते विष स्वतःच्या अंगात साठवतात.

एका सकाळी टाकीच्या काचेवर गुलाबी फीत दिसली, गुलाबासारखी गुंडाळलेली. काकासाहेबांची नजर थेट गुलशनच्या वेण्यांकडे गेली. तिच्या फितीही गुलाबीच होत्या. तिनंच फीत टाकीत टाकली असं समजून त्यांनी तिला सगळ्यांदेखत झापलं आणि कामगारांना संध्याकाळी टाकी रिकामी करून साबणानं घासायला सांगितलं.

वहाबनं खालाला फोन लावला. ती कामासाठी जालन्याला गेली होती, फोन उचलेना, म्हणून त्यानं निरोप पाठवला. बद्री मात्र काचेला नाक लावून बसला होता.

"कापड असतं तर पाण्यात हललं असतं," तो म्हणाला. "ही कडेनं चिकटलीय. कुणीतरी आतूनच चिकटवलीय."

गुलशननं वेण्या सोडल्या आणि दोन्ही फिती काकासाहेबांपुढं धरल्या.

"ह्यांनीच माझे हात बांधा. मी टाकीसमोर बसते. संध्याकाळपर्यंत दुसरी फीत नाय आली, तर खुशाल टाकी घासा."

काकासाहेबांना हसू आलं, पण त्यांनी हात बांधले.

दुपार सरली. गुलशनच्या नाकाला खाज सुटली, ती वहाबनं खाजवून दिली. बघ्यांची गर्दी वाढली. कामगार बादल्या घेऊन आले, तेवढ्यात बद्रीनं तिला कोपरानं ढोसलं. दुसरी गोगलगाय काचेवर हळूहळू गोल फिरत होती आणि तिच्या अंगाखालून नवी गुलाबी फीत बाहेर येत होती.

बघे काचेपाशी सरकले. वहाबचा निरोप मिळताच जालन्याहून तशीच धावत आलेली सगीरा खाला गर्दीतून पुढं आली. तिनं भिंग लावून पाहिलं.

"काकासाहेब, ही अंडी आहेत. हजारो. साबण लावला असता तर एकही उरलं नसतं."

काकासाहेबांनी स्वतः गुलशनचे हात सोडले. "चुकलो, बेटा," ते म्हणाले. मग गर्दीकडं वळून त्यांनी मोठ्यानं सांगितलं, की आज ही पिल्लं वाचली ती या तीन पोरांमुळं.

काही दिवसांनी भिंगातून अंड्यांच्या आत इवले जीव गरगर फिरताना दिसू लागले. ते बघायला पोरांची रांग लागली. गुलशन भिंग धरून उभी होती आणि रांगेत शेवटी, चष्मा पुसत, काकासाहेब उभे होते.