भर दुपारी फामुसाची हाक

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेली आहे. मामा आजही मालीतल्या सिकासो शहराजवळच्या आमच्या गावात राहतो. रानात मात्र जात नाही.

हरमटन वाऱ्याचे, धुळीचे दिवस होते. आणि वेळ रात्रीची नव्हती... भर दुपारची होती.

झाना मामा आणि त्याचा मेहुणा फामुसा तीन दिवसांच्या शिकारीला निघाले होते. फामुसाने शहरातून सहा खणांची, चकचकीत चेनची बॅग आणली होती. मामाकडे गाईच्या जाड कातड्याची पिशवी. एकच खण, रुंद पट्टा, दुहेरी शिवण.

"दाजी, ही तुमच्या आजीची का?" फामुसाने चिडवलं.

"रानात खण मोजत नाहीत. पट्टा ओढून बघतात."

मेहुण्याच्या बॅगेचा पट्टा मात्र मामाने ओढून बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी कडा उतरताना तो तुटला. बॅग धरायला फामुसा झेपावला आणि पाय मोडून पडला. पाण्याचे दोन्ही कॅन बॅगेसकट दरीत गेले.

मामाच्या पिशवीतली एकुलती एक बाटली रात्रीच संपली. सकाळी फामुसाची जीभ सुजली होती. मामाने त्याला एका झाडाच्या सावलीत निजवलं.

"हलू नकोस. पाणी घेऊन येतो."

पाणी मिळालं, पण फार लांब. परतायला दुपार झाली.

झाडाखाली कुणी नव्हतं.

सरपटल्याची खूण नाही. धुळीत एक रेघसुद्धा नाही...

वारा पडला. पाखरं गप्प झाली.

मग मागून...

"दाजी, पिशवी खाली ठेवा."

मामा वळला. कुणीच नाही.

"दाजी, पाणी."

आता समोरून. मग डावीकडून. आवाज फामुसाचाच.

आमच्याकडचे जुने शिकारी सांगतात, रानात न दिसणाऱ्याच्या हाकेला पिशवी उतरवू नये. उतरवणारा परतत नाही.

मामाने हाका मारल्या. झुडपं पालथी घातली. शेवटी रडायला लागला.

"एकदा दिस रे बाबा. सगळं पाणी तुझं."

कुणी दिसलं नाही.

फक्त खांद्यावरच्या पट्ट्याला... हळूच हिसका बसला.

मामा पळाला. पाण्यासकट.

दुसऱ्या दिवशी मामाने जवळच्या वस्तीवरून आणलेल्या माणसांना फामुसा सापडला. त्याच झाडापासून वीस पावलांवर, उघड्यावर. ती जागा मामाने तीनदा तुडवली होती.

एका जाणत्या शिकाऱ्याने प्रेत निरखलं. म्हणाला, हा काल सकाळीच गेला, तू पाण्याला निघालास तेव्हाच. तू ऐकलंस ते दुसरंच काही होतं.

मामाने मान डोलावली.

घरी तेनिन मामीने, म्हणजे फामुसाच्या बहिणीने, एवढंच विचारलं, "आवाज कसा होता त्याचा?"



"तहानलेला."

मामी उठून आत गेली.

याला अकरा वर्षं झाली. तो जाणता शिकारी चुकला तर नसेल ना, हाक खरंच फामुसाचीच तर नव्हती ना... हे मामाला विचारायची माझी अजून हिंमत होत नाही.