फडताळामागचा माणूस

फुएनसांताचं बसचं तिकीट सोमवारचं होतं. जर्मनीतल्या एका कारखान्यात तिला काम मिळालं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तोर्वालेहो गावातून तिला पाय काढता येणार होता. आईला सोबत म्हणून आता घरात बाबा होते.

तसे बाबा घरात होतेच. तीस वर्षं होते. स्वयंपाकघरातल्या फडताळामागे भिंत पोखरून केलेल्या पोकळीत, जिथे धड पाय पसरून झोपताही येत नसे. देशातल्या यादवी युद्धाआधी बेलार्मिनो, म्हणजे बाबा, गावच्या कारभारी मंडळात होता, आणि जमीनदाराची पडीक जमीन त्याने मजुरांना वाटून दिली होती. युद्धात बंडखोर जनरलची माणसं जिंकली आणि अशा लोकांना स्मशानाच्या भिंतीशी उभं करून गोळ्या घालू लागली. तेव्हा त्याच्या बायकोने, कासिल्दाने, नवरा मेला म्हणून उठवून दिलं, चर्चमध्ये त्याच्या नावाने प्रार्थना करवली, चारचौघांत रडून दाखवलं. पुढे काही वर्षांनी हीच विधवा गरोदर राहिली, तेव्हा गावाने तिच्या तोंडात शेण घातलं. ती मुकाट राहिली. ते मूल म्हणजे फुएनसांता.

मग यंदाच्या वसंतात रेडिओवर सांगितलं, की युद्धातले गुन्हे आता माफ. काय पण मोठं मन सरकारचं! ज्याने गुन्हा केलाच नव्हता तो माणूस पांढराफटक होऊन फडताळामागून बाहेर आला, आणि ठाण्यावरच्या सार्जंटने त्याची सही घेऊन त्याला जिवंत ठरवलं. चौकातल्या गुत्तेवाल्याने फुकट वाइन पाजली. "काय रे बेलार्मिनो, तीस वर्षं मेलास, तहान लागली असेल ना?"

पण बाबांना बाहेर राहणं जमेना. उन्हात डोळ्यांना धार लागे. पलंगावर झोप येत नसे. बोलायचे ते कुजबुजतच, इतकं की दोन माणसांत असूनही एकटे वाटायचे. भर दुपारी सगळं गाव दारं लावून कलंडलं की ते हळूच फडताळ सरकवून आत जायचे आणि तिथेच झोपायचे.

कासिल्दाचीही सवय सुटली नव्हती. गल्ली ओस पडली की फडताळाखालच्या फटीतून ताट आत सरकवायचं, हा तिचा नेम. एका दुपारी बाबा समोर टेबलाशी चणे खात बसलेले असताना तिने दुसरं ताट भरलं आणि आत सरकवलं.

"अगं आई, बाबा इथे बसलेत!" फुएनसांता हसली.

कासिल्दाने कपाळावर हात मारून घेतला आणि तीही हसली. बाबा हसले नाहीत.

थोड्या वेळाने फटीतून ताट बाहेर आलं. रिकामं. पावाच्या तुकड्याने कड पुसून घेतलेलं, बाबा पुसतात तसं.

"मांजर असेल," आई म्हणाली.

"मांजर ताट परत करतं?"

बाबांनी चमचा खाली ठेवला. "त्यालाही भूक लागते गं," ते कुजबुजले.

"कोणाला?"

"तू जन्मलीस त्या साली आला. जागा नव्हती, पण मी सरकलो. स्मशानाकडून आला असेल. मी काही विचारलं नाही. अंधारात दुसरं कोणी असलं की बरं वाटतं."

"दिसतो कसा?"

"अंधारात काय दिसणार? हात लावला की माझाच चेहरा लागतो."

फुएनसांताच्या अंगावर काटा आला, आणि त्याहून जास्त तिला राग आला. घरात कधी मोठ्याने गायची सोय नव्हती, मैत्रिणीला उंबऱ्याच्या आत आणायची सोय नव्हती. सगळं बालपण त्या भोकाने गिळलं होतं. आता तारुण्य द्यायचं नाही, असं तिने ठरवलं, आणि गवंडीकाम करणाऱ्या सेफेरिनोमामाला निरोप धाडला.

मामा शनिवारी दुपारी आला. बाबा चुलीपाशी बसले होते, खांद्यावरून घोंगडी घेऊन, पाठ करून.

"भाऊजी, बुजवतो बरं का. आत काही राहिलंय?"

पाठमोरं डोकं नाही म्हणून हललं.

फुएनसांताने कंदील घेऊन आत डोकवायला हवं होतं. तिला भीती वाटली. तिने डोकावलं नाही.

मामा वीट लावत गेला, चुना थापत गेला. अर्ध्यावर आतून काहीतरी सरपटलं.

"उंदीर," मामा म्हणाला, आणि हात भरभर चालवू लागला.

शेवटची वीट बसली.

"भूक लागली," चुलीपाशी बसलेला माणूस म्हणाला. मोठ्याने. खणखणीत आवाजात.

आईच्या हातातली पळी खाली पडली.

"बाबा? बरं वाटतंय ना?"

"आता मोकळं वाटतंय," तो म्हणाला, आणि वळून छान हसला.

मामा थापी तशीच टाकून निघून गेला.

ओल्या चुन्यामागे नखं घासली गेली. मग कुजबूज आली. नाव घेतल्यासारखी.

"आई, ऐकलंस?"

"नाही." शिपाई झडतीला यायचे तेव्हा कासिल्दाचा चेहरा असाच व्हायचा. "आणि तूही नाही ऐकलंस. ती भिंत पुन्हा उघडली तर तू या घरातून कधीच जायची नाहीस. सोमवारी बस आहे तुझी."

फुएनसांताला जायचं होतं. इतकं जायचं होतं, की रविवारभर तिने रेडिओ मोठ्याने लावून ठेवला. रविवारी कुजबूज क्षीण होत गेली असावी. तिने कान दिला नाही.

सोमवारी चौकात तो तिला पोचवायला आला. भर उन्हात, बोडक्या डोक्याने, गुत्तेवाल्याच्या पाठीवर थाप मारत. "पत्र टाक गं पोरी!" तो ओरडला आणि सगळे हसले. फुएनसांताने खिडकीतून हात हलवला, आणि बस सुटल्यावर तिची नजर आईवर गेली.

बाबा बाहेर आले त्याच दिवशी कासिल्दाने विधवेचे काळे कपडे आनंदाने चुलीत घातले होते. आज ती पुन्हा काळ्यात होती. झगा कोणाकडून तरी मागून आणलेला. बाह्या मनगटापर्यंत पोचत नव्हत्या.