आई निघायला चौदा दिवस

लस टोचलेला माणूस आजारी पडू शकतो का?

हा प्रश्न मी सुईमावशीला विचारला तेव्हा माझ्या अंगात ताप होता, हातांवर लाल ठिपके उठले होते आणि विचारण्यामागचं खरं कारण मी लपवून ठेवलं होतं.

सुईमावशी म्हणजे आमच्या छावणीच्या दवाखान्यातली यंत्रपरिचारिका (रोग्यांची देखभाल करणारा यंत्रमानव). तिचं सरकारी नाव म्हणजे नुसते सात आकडे, ते कुणालाच आठवत नाहीत. तिला चार हात आहेत आणि त्यांतल्या एकाच हातात सुई असते. पण आम्ही पोरं लक्षात ठेवतो ती तेवढीच.

"प्रश्न चांगला आहे, शलाका," ती म्हणाली. "पण आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. गेल्या तीन दिवसांत तू कुणाकुणाला भेटलीस?"

"बाबांना. आणि शेजारच्या मृदुलाला."

कुंडलिककाकांचं नाव मी गिळून टाकलं. ते का, हे कळायला आधी आईबद्दल सांगायला हवं.

माझी आई, नायब सुभेदार वैजयंता निकम, अकरा महिने धवलखिंडीच्या चौकीवर आहे. तिथे इतकी थंडी आणि इतकी विरळ हवा असते, की तीस जवान एका बंद घुमटात राहतात. तीच ती हवा यंत्रातून फिरवून श्वासात घेतात. आई तिथला बिनतारी संच सांभाळते. दर रविवारी तिला घरी बोलायला तीन मिनिटं मिळतात. त्यातलं एक मिनिट बाबा घसा खाकरण्यात घालवतात, आणि मग मला काही म्हणजे काही सुचत नाही. संच बंद झाला की सगळं सुचतं. तिचा आवाज मला पाठ होता, पण तिच्या हातांचा वास मी विसरायला लागले होते. त्याची मला फार भीती वाटायची.

पंधरा तारखेला बदलीचे तीस जवान वर जायला निघणार होते आणि त्याच दिवशी ते पोहोचले की आई उतरणार होती. एक तारखेला त्या सगळ्यांना ठिपकेतापाची लस टोचली गेली. ठिपकेताप हा अलीकडचा आजार. आम्हा मुलांना तो चार दिवस अंथरुणात पाडतो आणि सोडून देतो. पण विरळ हवेत मोठ्या माणसांची फुप्फुसं धरतो. म्हणून वर जाणाऱ्या प्रत्येकाला लस सक्तीची. त्यानंतर चौदा दिवस त्यांनी कुंपणापलीकडच्या बराकीत वेगळं राहायचं. कुंपणाच्या अलीकडे एक पिवळी रेघ आहे, ती आम्ही ओलांडायची नाही. आम्हा मुलांची लस पुढच्या महिन्यात येणार होती.

आता आमच्या छावणीत एक रीत आहे. उतरणाऱ्याच्या वाटेची शिदोरी चढणाऱ्याच्या हाती द्यायची. टपालाने पाठवली तर जंतू मारायच्या भट्टीत ती पार करपून जाते. आणि शिदोरीला कुणी नाही म्हणत नाही. मी कारळ्याची चटणी स्वतः कुटली होती. दहा तारखेला ती घेऊन मी पिवळी रेघ ओलांडली.

कुंपणाशी कुंडलिककाका आले. आमच्या शेजारचे नाईक कुंडलिक घोरपडे, तोफेच्या आवाजाला न दचकणारे आणि सुई दिसली की डोळे गच्च मिटणारे.

"काका, चालेल ना?" मी विचारलं.

"अगं, लस टोचलीय की मला! आता कसली भीती?" काका हसले आणि तारेतून हात घालून त्यांनी बरणी घेतली. "वैजूताईला सांगतो, लेकीनं कुटलीया म्हणून. बोटं चाटत खाली येईल बघ."

दुसऱ्या दिवशी मला ताप भरला.

"आता तुझ्या प्रश्नाकडे येऊ," सुईमावशी म्हणाली. "लशीत विषाणूचा (डोळ्यांना न दिसणाऱ्या, रोग पसरवणाऱ्या कणाचा) एक निरुपद्रवी तुकडा असतो. शरीर तो तपासतं, त्याची खूण ओळखतं. मग त्या खुणेवर नेमकी बसणारी प्रतिपिंडं (विषाणूला पकडून निकामी करणारे बारीक घटक) बनवायला लागतं. शेवटी काही स्मृतिपेशी ती खूण लक्षात ठेवून बसतात, म्हणजे खरा शत्रू आला की धावपळ होत नाही. पण हे सगळं शिकायला वेळ लागतो. भरती झालेला जवान पहिल्याच दिवशी नेम धरू शकतो का?"

"आई म्हणते, पहिल्या दिवशी बंदूकसुद्धा सरळ धरता येत नाही."

"तसंच. या लशीला चौदा दिवस लागतात."

"आणि टोचून नऊच दिवस झाले असतील तर?"

"तर तयारी अर्धवट. ताप सौम्य येईल, पण येऊ शकतो. आणि आपल्याला काही झालंय हे कळायच्या आत तो माणूस दुसऱ्यालाही देऊ शकतो."

मावशीचे चारही हात थांबले. नऊच का, असं तिने विचारलं नाही.

"एकच माणूस असला तर?" मी घाईघाईने म्हटलं. "तिसातला एक आजारी पडला तर असं काय बिघडतं?"

तिने औषधांच्या बाटल्यांची तीस झाकणं टेबलावर मांडली आणि एक उलटं केलं.

"बंद घुमटात एक आजारी माणूस साधारण तिघांना आजार देतो. ते तिघं आणखी नऊ जणांना." तिने झाकणं उलटी करत नेली. तेरा झाकणं उलटी झाली. "आता सतराच उरले. हवेचं यंत्र, बिनतारी संच, स्वयंपाक, पहारा, हे सगळं चालवायला निदान बावीस धडधाकट माणसं लागतात. याला सज्जता (हुकूम येताच काम करू शकण्याची तयारी) म्हणतात. सतरांत ती उरत नाही. सगळ्यांची लस पुरी झालेली असली की आजार पहिल्या माणसापाशीच अडतो, त्याला पुढे जायला वाट सापडत नाही."

"पण सक्ती कशाला? एखाद्याला सुईची भीती वाटते."

"भीती वाटली तर मी समजावते. लस एखाद्याच्या शरीराला चालणार नसेल, तर त्याला खालचं काम देतात. पण वर तिसांचा श्वास एकच असतो. तिथे एकाने मनाला येईल तसं ठरवलं, तर ते बाकीच्या एकोणतिसांनाही भोगावं लागतं."

मी झाकणांकडे बघत बसले. गप्प राहिले असते तर तीन दिवसांनी तुकडी निघाली असती. आई आली असती. मी तिच्या कुशीत शिरले असते, आणि वर नव्या तीस जणांत ठिपकेताप शिरला असता. त्यांनाही घरी वाट बघणारं कुणीतरी असणार. मला हे कळायलाच नको होतं, असं क्षणभर वाटलं.

"मावशी," मी म्हटलं, आणि रडायलाच लागले. "मी कुंडलिककाकांना भेटले. नवव्या दिवशी."

त्याच संध्याकाळी तुकडीची तपासणी झाली. काकांना लागण झाली होती. त्यांच्या बराकीतल्या आणखी दोघांनाही. तिघांना दवाखान्यात हलवलं आणि आणखी कुणात लागण दडलेली नको म्हणून बाकीच्यांचे चौदा दिवस बारा तारखेपासून पुन्हा सुरू झाले. काकांचा ताप सौम्य होता. "चूक माझी बी हाय, पोरी," त्यांनी काचेपलीकडून मला सांगितलं. "मोठा माणूस असून मीच रेघ विसरलो."

रविवारी बाबांनी घसा खाकरला नाही. तिन्ही मिनिटं त्यांनी मला दिली.

"आई, तू उद्या निघणार नाहीस ना?"

"नाही."

"माझ्यामुळे."

मग आई म्हणाली, "साहेबांनी सांगितलं, एका मुलीनं स्वतःहून कबूल केलं म्हणून. नाव नाही सांगितलं. पण मी ओळखलं."

"रागावलीस?"

"हो. आवरून ठेवलेलं सामान पुन्हा सोडताना रडलेसुद्धा. मग हवेच्या यंत्रापाशी जाऊन बसले. ते रात्रंदिवस चालवायला सहा माणसं लागतात, शलाका. सहाच्या सहा आडवी झाली असती तर काय, याचा विचार केला आणि राग गेला. मला तुझी फार आठवण येते गं."

संचावर सगळे ऐकत असतात, म्हणून आई असलं कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलली. उरलेलं अर्धं मिनिट आम्ही दोघीही काही बोललो नाही, आणि तरी तिने संच बंद केला नाही.

दुसऱ्या दिवशी पंधरा तारीख होती. माझे ठिपके सुकले होते. मी दवाखान्यात गेले.

"मावशी, चौदाच दिवस का? कमी नाही का होणार?"

"शास्त्रज्ञ खटपट करताहेत. शरीराला भराभर शिकवणारी लस हवी आहे. एका दिवसात तयारी पुरी करणारी लस अजून कुणाला जमलेली नाही."

"कुणालाच?"

"अजून तरी नाही."

"ती करायला काय काय शिकावं लागतं?"

"जीवशास्त्र. रसायनशास्त्र. आणि भरपूर गणित."

"गणितसुद्धा?" मी तोंड वाकडं केलं.

"गणित तर सगळ्यात जास्त."

घरी येऊन मी गणिताचं पुस्तक काढलं आणि मागच्या आठवड्यात सोडून दिलेलं उदाहरण पुन्हा सोडवायला घेतलं. कुणाच्या तरी आईला पुढे एकच दिवस थांबावं लागावं म्हणून. माझी आई निघायला अजून अकरा दिवस होते.