उलटी जोडलेली तार

जुन्या सामानाच्या दुकानात शेवटचे दोन स्पीकर उरले होते, आणि ठिणगी धापा टाकत तिथे पोचली तेव्हा दुकानदार नेमके तेच एका विस्कटलेल्या केसांच्या तरुणाला कागदात गुंडाळून देत होता.

"आठ ओहमचा आहे का हो एखादा?"

"संपले. होते ते चारचे, तेही यांनी घेतले."

 तीन वाजता ठिणगीची परीक्षा. स्वतः बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर परीक्षकांसमोर दहा मिनिटं वाजवून दाखवायचा. तिचा आठ ओहमचा स्पीकर सकाळीच हातातून पडून फाटला होता, आणि नुसता चारचा लावला तर यंत्रावर दुप्पट ओझं पडून ते जळणार. मागच्या खेपेला तसंच झालं होतं. त्या काळी मुलीनं असलं काही शिकायचं म्हणजे घरादाराला घोर. तिच्या वडिलांनी, अप्पांनी, निक्षून सांगितलं होतं, "आता नापास झालीस, तर हे तारांचं खूळ बंद!"

"दोन्ही मला द्या," ती थेट त्या तरुणाला म्हणाली.

"अहो, पण—"

"चार आणि चार एकामागून एक जोडले की आठ होतात. माझं यंत्र वाचेल. तीनला परीक्षा आहे."

"मी रेडिओ दुरुस्त करतो. गिऱ्हाईक ताटकळलंय माझं." तो हसला. "पण इतकं डोळे वटारून नाही बघत ते… घ्या."

वेळ वाचावा म्हणून तारा त्यानंच तिथल्या तिथे जोडून दिल्या. जोडता जोडता दोनदा मान वर केली. ती घड्याळाकडे बघत होती… निदान तसं दाखवत तरी होती.

तीन वाजता तिनं बटण दाबलं. आवाज आला, पण पोकळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा.

"हे काय?" परीक्षकांच्या भुवया चढल्या.

ठिणगीनं यंत्राला हात लावून पाहिला. यंत्र तर ठीक होतं. मग… तिनं एकेक तार बोटानं चाचपली. दुसरा स्पीकर उलटा जोडलेला! एकाचा पडदा पुढे आला की दुसऱ्याचा मागे; दोघं एकमेकांचा आवाज खात होते. तिनं झटकन दोन तारांची अदलाबदल केली, आणि खोली आवाजानं भरून गेली. दहा मिनिटांनी परीक्षकांनी यंत्राच्या पत्र्याला बोट लावलं. कोमट. त्यांनी मुकाट्यानं सही केली.

परीक्षेच्या इमारतीच्या फाटकापाशी तो रेडिओवाला तरुण सायकल धरून उभा होता.

"पास?"

"पास! पण तुम्ही तारा उलट्या जोडल्या होत्या. रेडिओ दुरुस्त करता ना? माझं शिक्षण बुडालं असतं आज!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "सहा वर्षांत अशी चूक झाली नव्हती. लाल तार कुठली ते बघायचं सोडून मी…"

"सोडून काय?"

"तुमच्याकडे बघत होतो."

 ठिणगीची कानशिलं तापली होती, पण रागानं नाही.

"उद्या येते तुमच्या दुकानात," ती म्हणाली. "तारा मी जोडीन. तुम्ही… बघत बसा."