अर्धा किलो चाउत्ले

तोमासाने त्या दुपारी चुलीसाठी अकरा दगड गोळा केले आणि अकराही दगड दुसऱ्याचे निघाले.

फेब्रुवारी महिना होता. तोलुका शहरातून बसने दोन तास आणि पुढे चढणीची पायवाट तुडवून ती डोंगरावर आली होती. भूक लागली होती. उतारावर छान गोल दगड ठिकठिकाणी मांडून ठेवल्यासारखे पडले होते. तिने ते उचलले, रचले, काटक्या पेटवल्या आणि टॉर्टिया गरम करायला घेतल्या. तेवढ्यात वरून एक उंच, सडपातळ माणूस कुदळ खांद्यावर टाकून खाली आला आणि चुलीकडे बघत उभा राहिला.

"बाई, हे दगड माझे आहेत."

"डोंगरभर दगड पडलेत," तोमासा म्हणाली. "यांच्यावर तुमचं नाव लिहिलंय का?"

"नाव नाही. पण प्रत्येकाखाली एक झाड झोपलेलं होतं. आता ते कुठे आहे, ते देवाला ठाऊक आणि तुम्हाला."

"मला काही आठवत नाही…"

"मग फक्त देवाला."

चाउत्ले हे ऑर्किड झाडाच्या फांदीवर नाही, जमिनीत उगवतं. ओक आणि पाइनच्या रानात, मधल्या कुरणात. ऑगस्टमध्ये त्याची जांभळी फुलं लांबून दिसतात, पण तेव्हा ते खणायचं नसतं. पाऊस सरला की पानंसुद्धा वाळून उडून जातात आणि वर खूण म्हणून काही उरत नाही. म्हणून खणणारे लोक फुलं असतानाच शेजारी दगड ठेवतात आणि कोरड्या दिवसांत त्या दगडावरून गड्डे शोधतात. तोमासाला हे माहीत असायला हवं होतं, कारण तिचं घर त्या गड्ड्यांवर चालत होतं. वाळलेले गड्डे पाट्यावर वाटायचे, ती चिकट पूड साखरेत मळायची आणि मृतांच्या दिवसांच्या सणासाठी मेंढ्या, हरणं, कवट्या घडवायच्या. पण डोंगरावर दरवर्षी लोला आत्या जायची. यंदा तिचा गुडघा धरला होता.

माणसाचं नाव इसाउरो. आत्याला वर्षानुवर्षं चाउत्ले देणारा म्हातारा हा त्याचा बाप, आणि तो आता थकला होता, एवढंच. तोमासाने ओशाळून घेवड्याची टॉर्टिया पुढे केली. रागावलेला माणूस नको म्हणेल असं तिला वाटलं. त्याने तीन खाल्ल्या.

त्या वर्षी दोन किलोऐवजी दीड किलोच मिळालं, कारण अकरा झाडं हरवली होती. तीन आठवड्यांनी उरलेलं न्यायला तिला पुन्हा यावं लागलं. इसाउरो तेव्हा वरच्या कुरणात खणत होता. त्याने मातीतून गड्ड्यांची माळच बाहेर काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. दर वर्षाचा एक गड्डा. जुने काढून घ्यायचे, सगळ्यांत कोवळा असेल तो परत मातीत लावायचा. तिने मोजले, नऊ होते.

"हिचं वय नऊ," तो म्हणाला. "तुमचं?"

"खणून बघायचा विचार आहे का?"

तो हसला नाही, पण कोवळा गड्डा लावताना त्याने एकच जागा दोनदा दाबली. तोमासाने ते पाहिलं. परतीच्या बसमध्ये तिला त्याची आठवण आली आणि आली म्हणून थोडा रागही आला.

दुसऱ्या वर्षी एकही दगड हलला नव्हता. इसाउरोने दोन किलोचं म्हणून गाठोडं बांधून दिलं. ती निघताना 'सांभाळून जा गं' म्हणाला, आणि बोलण्यातलं 'तुम्ही' केव्हा गळालं हे दोघांनाही कळलं नाही. तरी पूड वेळेआधी संपली. लोला आत्या म्हणाली, तू मेंढ्या फार जाड करतेस, साखरेच्या मेंढ्यांना काय वासरं व्हायचंय का. तोमासाने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि पुन्हा डोंगरावर गेली. तिसऱ्या वर्षीही तेच झालं असतं. पण या खेपेला आत्याने गाठोडं हातात घेतलं, भुवया चढवल्या आणि ते तराजूत टाकलं.

अर्धा किलो कमी भरलं.

आत्या तशी तोंडाची फटकळ, पण रागावली की तिचा आवाज खाली जायचा. ती हळू आवाजात म्हणाली की बापाने पंचवीस वर्षांत चिमूटभर कमी दिलं नाही आणि पोरगा चोर निघाला. आता बाजारातून डिंकाची पूड आणायची, पुष्कळ जण तीच वापरतात. डोंगर बंद.

तोमासाने बाजारची पूड आणली. तिला एकच आशा होती. बाजारच्या पुडीची मेंढी उभी राहणार नाही, पाय मोडून बसेल आणि आत्याचा जीव पुन्हा चाउत्लेकडे वळेल. तिने पहिली मेंढी घडवली, वाळायला ठेवली आणि सकाळी उठून पाहिली. मेंढी चारही पायांवर ठणठणीत उभी होती. तोमासाला त्या मेंढीची मान मुरगाळावीशी वाटली.

म्हणजे आता डोंगरावर जायला काही कारणच राहिलं नव्हतं. तेव्हा तिला स्वतःशी कबूल करावं लागलं, की तीन वर्षं ती चाउत्लेसाठी जातच नव्हती. इसाउरो तिला आवडत होता. आणि त्याला हे कुणी सांगितलं नाही, तर फेब्रुवारीत तो वाट बघेल, मग बघणार नाही, आणि संपलं.

तिने फेब्रुवारीची वाट पाहिली नाही. ऑगस्टमधल्या एका गुरुवारी, आत्याला बाजाराचं सांगून ती बसमध्ये बसली. वर पोचली तेव्हा नुकती सर पडून गेली होती आणि सबंध उतार जांभळा झाला होता. इसाउरो कुंपणाची तार ओढत होता. तिला पाहून त्याच्या हातातली तार सुटली.

"आत्ता खणत नाहीत," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग…?"

"आत्या म्हणते, तू चोर आहेस."

त्याने तार उचलली, खांबाला गुंडाळली, पुन्हा सोडवली. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "बरोबर म्हणते. पुरतं दिलं असतं तर तू वर्षातून एकदाच आली असतीस. दुसरं काही सुचलं नाही मला."

"मी दुसऱ्याच वर्षी वजन करून पाहिलं होतं."

आता त्याने वर बघितलं. "तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू पुरतं दिलं असतंस," तोमासा म्हणाली. "त्यापायी मी वर्षभर जाड मेंढ्यांची बोलणी खाल्ली आहेत."

इसाउरोने तार खाली टाकली. मग तो तीन वर्षांत पहिल्यांदा मोकळा हसला, आणि तिला वाटलं, हा माणूस हसताना कसा दिसतो हे आधी कळलं असतं तर आपण इतका उशीर लावला नसता. त्याने हात पँटला पुसले आणि तिचा हात धरला. हात ओला होता, चिखलाचाही होता. तिने सोडवून घेतला नाही.

"आत्याला काय सांगणार आहेस?"

"चोर सापडला म्हणून सांगेन."

"आणि चोर काय म्हणतो म्हणून विचारलं तर?"

"ते चोरानेच खाली येऊन सांगावं. रविवारी ती घरी असते."

रविवारी येतो, तो म्हणाला. येताना बापालाही आणतो आणि आत्याचं राहिलेलं चाउत्लेही, घरात थोडं वाळवलेलं आहे. तोमासाने मान हलवली. चाउत्ले नको, ती म्हणाली, टोपलीभर पाव आणि चॉकलेट आण. बापाला सोबत घेऊन, हातात पावाची टोपली धरून माणूस मुलीच्या दारात का उभा राहतो, हे त्या भागात कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. इसाउरोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"टोपली… केवढी आणू?"

"मोठी," तोमासा म्हणाली. "आत्या वजन करून बघेल. या खेपेला पुरतं भरू दे."